वाळू आधी का बसते? बाटलीतल्या मातीचा पाठ



आज एका अशा उत्तराबद्दल लिहायचं आहे, ज्याला मी कितीतरी वर्षं पैकीच्या पैकी गुण देत आलो. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवल्यास वाळू आधी तळाशी का बसते? आणि ठरलेलं उत्तर : वाळू जड असते म्हणून ती आधी बसते, चिकणमाती हलकी असते म्हणून ती पाण्यात राहते. मुलं लिहितात, आपण बरोबरची खूण करतो आणि पान उलटतो.

मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात हेच फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, चिकणमाती हलकी असते, तर मग विटा उचलून हात का भरून येतात?" त्याच्या घरचे वीटभट्टीवर कामाला जातात, सुट्टीत तोही जातो. वर्ग हसला. मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं तर त्याच क्षणी कळलं होतं की पोरगं बरोबर आहे आणि फळ्यावरचं माझं वाक्य चूक आहे.

घरी येऊन आकडे पाहिले. आपल्या नदीच्या वाळूत सापडणाऱ्या गारगोटीच्या कणाची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असते. चिकणमातीतल्या खनिजांची घनताही जवळपास तेवढीच, २.६ च्या आसपास. म्हणजे दोन्हींत पाण्यापेक्षा हलकं असं काहीच नाही आणि एकमेकांच्या तुलनेतही फरक नगण्य आहे. मग एक मिनिटात बसते आणि दुसरी दोन दिवस पाणी गढूळ ठेवते, असं का? फरक आहे तो कणांच्या आकारात. आपल्या 'जड' या शब्दात घनता, वजन आणि आकार अशा तीन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. घोळ तिथे होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला वीट आणायला सांगितली. हा प्रयोग तुम्हीही करा, खर्च शून्य. एकाच विटेचे तीन भाग करायचे. एक सुपारीएवढा तुकडा, दुसरा भाग रव्यासारखा जाडसर ठेचलेला आणि तिसरा भाग खलबत्त्यात बारीक कुटून वस्त्रगाळ केलेला. तिन्ही भाग पाण्यानं भरलेल्या तीन उंच काचेच्या ग्लासांत टाकायचे आणि ढवळून सोडून द्यायचं. तुकडा टाकल्याबरोबर तळ गाठतो. जाडसर भरड दोन-चार सेकंदांत बसते. वस्त्रगाळ पुडीचं पाणी मात्र शाळा सुटेपर्यंत लालच राहतं. वीट तीच, घनता तीच. बदलला तो फक्त कणांचा आकार. मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. "सर, बारीक केलं की उशिरा बसतं" हे वाक्य वर्गातूनच येतं. आपण फक्त ते फळ्यावर लिहायचं आणि आदल्या दिवशीचं वाक्य खोडायचं. मी सगळ्यांसमोर खोडलं. त्याचा मुलांना जरा जास्तच आनंद झाला.

आता यामागचं कारण. हे शिक्षकांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण वर्गात हमखास एक शंका येते. मोठी मुलं विचारतात, "पण गॅलिलिओनं तर सांगितलंय ना, की लहान-मोठ्या वस्तू सारख्याच वेगानं पडतात?" बरोबर आहे, पण ते हवेचा अडथळा नगण्य असताना. पाणी हे कणाला वाट सहजासहजी देत नाही. कण खाली जाऊ लागला की पाण्याचा चिकटपणा त्याला मागे ओढतो. वेग वाढला की ही ओढही वाढते. थोड्याच वेळात खाली खेचणारं बल आणि मागे ओढणारं बल सारखं होतं आणि त्यानंतर कण एकाच संथ वेगानं खाली जात राहतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञानं १८५१ मध्ये या ओढीचं गणित मांडलं, आजही मातीच्या प्रयोगशाळेत तेच वापरतात.

सूत्र फळ्यावर लिहायची गरज नाही, एवढं समजलं तरी पुरे. कणाचा व्यास निम्मा केला की त्याचं वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं, कारण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही निम्म्या झाल्या. पाण्याची ओढ मात्र, वेग तोच धरला तर, फक्त निम्मी होते. म्हणजे खाली खेचणारा आठ पटींनी अशक्त झाला आणि अडवणारा दोनच पटींनी. म्हणून बसण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. दहापट बारीक कण शंभरपट हळू बसतो. हा नियम अगदी बारीक कणांचा आहे. जाड वाळू आणि खडे यांना तो तसाच लागू पडत नाही, पण तेवढं शाळेत सोडून द्यावं.

आकडे घालून बघू. मातीच्या अभ्यासात साधारणपणे २ ते ०.०५ मिलिमीटरच्या कणांना वाळू म्हणतात, ०.०५ ते ०.००२ मिलिमीटर म्हणजे आपला पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. काही ठिकाणी वाळू आणि पोयट्याची हद्द ०.०२ ला धरतात, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. ०.०५ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ४५ सेकंद घेतो. ०.००२ मिलिमीटरचा कण त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा, म्हणून वेळ २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पट. ४५ ला ६२५ ने गुणा आणि तास करा. पावणेआठ तासांच्या जवळ उत्तर येतं. हे उदाहरण मी आठवीला गणिताच्या तासाला दिलं. वर्गाचा उपयोग कुठे होतो, हे विचारणाऱ्यांना तेवढंच एक उत्तर मिळालं.

पालकांनो, हे सगळं तुमच्या घरी दर उन्हाळ्यात होतं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक गाळून पातेल्यात रात्रभर ठेवतो ना? सकाळी वर पिवळसर पाणी आणि खाली पांढराशुभ्र घट्ट थर. तो थर म्हणजे गव्हाचं सत्त्व. सत्त्वाचे कणही लहान-मोठे असतात. मोठे कण पहिल्या अर्ध्या तासात बसतात, बारीक कणांना काही तास लागतात. घाई करून लवकर पाणी ओतलं तर हे बारीक सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. आजी "हलवू नको गं पातेलं" म्हणून का ओरडते, हे मुलांना इथे सांगता येतं. पातेलं हललं की कण पुन्हा वर येतात आणि घड्याळ शून्यावर. नाचणीचं सत्त्व करतानाही तेच.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. 'थर' म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण मध, पाणी आणि तेल यांचा ग्लास दाखवतात. तो प्रयोग छान आहे, रंगीत दिसतो, विज्ञान प्रदर्शनात तर दर वर्षी असतो. पण त्या थरांचं कारण वेगळं आहे. मधाची घनता पाण्याच्या साधारण १.४ पट, तेलाची पाण्याहून कमी, म्हणून मध खाली, पाणी मध्ये, तेल वर. तिथे घनतेनं क्रम लावला. मातीच्या बाटलीत घनता जवळजवळ सारखीच असते, तिथे आकारानं क्रम लावला. दोन्ही प्रयोग एकाच तासाला, एकामागोमाग दाखवले की मुलांच्या डोक्यात 'जड खाली, हलकं वर' हे एकच वाक्य राहतं. मीही अनेक वर्षं तेच केलं. आता मध्ये किमान एक आठवडा जाऊ देतो.

आता बाटलीचा मुख्य प्रयोग. सरळ भिंतीची पारदर्शक बाटली घ्या, लोणच्याची काचेची बरणी उत्तम. एक तृतीयांश माती, त्यातले मोठे खडे आणि मुळं काढून. गळ्यापर्यंत पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. पावडर कशाला, तर चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून ढेकळं करून बसतात, ती सुटावीत म्हणून. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं चांगली हलवायची. एकट्याचा हात दुखतो, बाटली बाकावरून बाकावर फिरवा. मग खिडकीत ठेवून द्यायची आणि परत हात लावायचा नाही. एका मिनिटानं बसलेल्या थरावर पट्टी लावून खूण करा, ती वाळू. दोन-अडीच तासांनी दुसरी खूण, तो ढोबळमानानं पोयटा. दोन दिवसांनी तिसरी, ती चिकणमाती. काडीकचरा वर तरंगतो, तो मोजायचा नाही, पण 'हे काय आहे' म्हणून जरूर विचारायचं, कारण मातीतला सेंद्रिय भाग तो हाच. तीन थरांची उंची मोजून शेकडेवारी काढली की मातीचा प्रकार समजतो. मुलांनी आपापल्या शेतातली माती आणावी. काळ्या रानातली, माळावरची मुरमाड, ओढ्याकाठची. सात-आठ बाटल्या ओळीनं ठेवल्या की काळी माती पावसात पाय धरून का ठेवते आणि मुरमाड रानात पाणी का थांबत नाही, हे बाटलीकडे बोट दाखवून सांगता येतं.

आमच्या वर्गात मात्र इथे एक गडबड झाली आणि पाठाचा सगळ्यात चांगला भाग त्या गडबडीतून निघाला. पावडर आणायला मी विसरलो होतो. म्हटलं, चालेल एक दिवस. दोन मुलींनी ओढ्याकाठची एकच माती वाटून घेतली होती, हातही सारखेच हलवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीच्या बाटलीतलं पाणी नितळ आणि दुसरीचं चहासारखं. पहिली म्हणे हिनं रात्री बाटली हलवली. दुसरी रडकुंडीला आली. मलाही वाटलं, कुणीतरी खोडी केली असणार. दोघींना बाजूला घेऊन एकेक गोष्ट विचारत गेलो. माती कुठून, किती, झाकण कसं, आणि पाणी? पहिलीनं शाळेच्या बोअरचं पाणी भरलं होतं. दुसरीनं पागोळ्यांखाली धरलेलं पावसाचं.

उत्तर त्यातच होतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे राहतात. सुटे आणि अतिबारीक, म्हणून बसत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. त्यांचे धनभारित आयन कणांमधलं हे ढकलणं कमी करतात. कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, पुंजका म्हणजे मोठा कण, आणि मोठा कण भराभर खाली जातो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. खात्री करायला दुसऱ्या मुलीच्या बाटलीतलं थोडं गढूळ पाणी दोन ग्लासांत घेतलं आणि एकात चमचाभर मीठ टाकलं. मधल्या सुट्टीपर्यंत मिठाच्या ग्लासात फाटलेल्या दुधासारखे पुंजके दिसू लागले, शाळा सुटताना वरचं पाणी बरंच स्वच्छ झालं होतं. पहिलीनं दुसरीची माफी मागितली. मी मनातल्या मनात मागितली.

तुरटी हेच काम जास्त जोरात करते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा धनभार जास्त असतो, शिवाय पाण्यात त्याचे चिकट कापसासारखे कण तयार होतात, ते मातीचे कण गोळा करत खाली जातात. आपल्याकडे तुरटी नव्हती तिथे निवळीची बी भांड्याच्या आतून घासायची पद्धत होती. संस्कृतात तिला कतक म्हणतात आणि जुन्या वैद्यक ग्रंथांत तिचा उल्लेख आहे. 'निवळणं' आणि 'निवळी' हे शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहा, भाषेचा तासही होऊन जातो. ताकावर जे पाणी सुटतं त्यालाही निवळीच म्हणतात. आणि कोकणातल्या शिक्षकांनी हा भाग खाडीशी जोडावा. नदीचं गढूळ पाणी खाडीत खाऱ्या पाण्याला भेटलं की हेच पुंजके बनतात, आणि खाडीकाठचा गुडघाभर चिखल साठायला तेही एक मोठं कारण आहे.

आता जे सांगतो ते मात्र पाठ संपवण्याआधी त्याच तासाला सांगा, पुढच्या तासावर ढकलू नका. आमच्या त्या नितळ बाटलीकडे बघून एक मुलगा म्हणाला, "सर, आता हे प्यायला चालेल." आणि तो झाकण उघडत होता. आपण 'पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती' या मथळ्याखाली निवळणं, तुरटी फिरवणं, गाळणं आणि उकळणं ओळीनं लिहून देतो. मुलाला ते चार पर्याय वाटतात, त्यातला कुठलाही एक केला की झालं. जिवाणूचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा आणि घनता पाण्याहून किंचित जास्त. वरचंच गणित लावलं तर एका सुट्या जिवाणूला अगदी स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला तीनेक आठवडे लागतील, आणि बरेच जिवाणू तर स्वतः पोहतात. तुरटीच्या पुंजक्यांबरोबर काही खाली जातात, सगळे नाही. नितळ पाण्यात ते दिसत नाहीत, एवढंच. तेव्हा निवळल्यानंतर पाणी वरच्या वर दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, गाळायचं आणि मग खळखळून उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. क्रमही महत्त्वाचा. गढूळ पाण्यातच क्लोरीन टाकलं तर त्यातलं बरंचसं गाळातल्या सेंद्रिय कचऱ्यावर खर्ची पडतं आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. पावसाळ्यात नळाला लाल पाणी येतं तेव्हा घरात हे कुणाला करावं लागतं, ते मुलांना विचारा. बहुतेक ठिकाणी आईचंच नाव येतं.

वेळ उरला तर बाटलीवर आणखी एक करून बघा. एकदम सगळी माती टाकण्याऐवजी तीन दिवस रोज अर्धी वाटी माती थोड्या पाण्यात कालवून वरून हळूच ओता. यावेळी बोअरचं पाणी घ्या, म्हणजे रोज सकाळपर्यंत निवळेल. चौथ्या दिवशी बाटलीत तीन पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्ट्यात खाली जाड, वर बारीक. मग शेजारच्या वर्गातल्या मुलांना बोलवा आणि विचारा, किती वेळा माती ओतली? ती बरोबर सांगतात. सगळ्यात आधीची कुठली? तेही सांगतात. सर्वात खालचा थर सर्वात जुना, हे डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोनं १६६९ मध्ये खडकांबद्दल लिहिलं. भूशास्त्राची सुरुवात शिकवताना आजही तिथूनच करतात. नर्मदेच्या खोऱ्यात काठावर साचलेल्या जुन्या गाळाचे थर वाचून अभ्यासकांनी, कुणीही नोंद न ठेवलेल्या काळातले मोठे पूर शोधले आहेत, ते याच पद्धतीनं.

आणि आपलं धरण? तीही एक मोठी बरणीच आहे. नदी जलाशयात शिरते तिथे पाण्याचा वेग मोडतो, वाळू आणि जाड गाळ तिथेच वरच्या टोकाला पडतो. बारीक पोयटा आणि चिकणमाती आत वाहत जाऊन भिंतीकडच्या संथ पाण्यात बसते. राज्य सरकारनं २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॅक्टरनं शेतात जाताना मुलांनी पाहिलेला असतो. कुठला गाळ शेताला चांगला, हे बाटलीवरून तपासता येतं. हलक्या, मुरमाड रानाला बारीक गाळ टाकला तर ओल टिकते. आधीच चोपण असलेल्या काळ्या रानात तोच टाकला तर निचरा आणखी बिघडतो. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी गाळ आणण्याआधी मुलाकडून दोन ठिकाणच्या गाळाच्या बाटल्या लावून घेतल्या, आणि दोन दिवस थांबून मग ट्रॅक्टर कुठून भरायचा ते ठरवलं.

परीक्षेच्या उत्तराचं काय, हे विचाराल. मी आता वर्गात असं लिहून देतो : वाळूचे कण मोठे असतात, त्यांच्या वजनाच्या मानानं पाण्याचा अडथळा कमी पडतो, म्हणून ते लवकर बसतात. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात, त्यांच्या वजनाच्या मानानं अडथळा फार, म्हणून ते फार हळू बसतात. पेपर तपासणाऱ्यांनी 'वाळू जड असते' एवढंच लिहिलेल्या मुलाचे गुण कापावेत असं माझं म्हणणं नाही, ते आपणच शिकवलंय. पण 'चिकणमाती हलकी असते' असं दिसलं तर वहीत खाली एक ओळ लिहा : वीट उचलून बघ.